पुण्याहून परत आलेली मुलगी

मुरबाड, ९ जुलै २०००

अक्षदा,

कागदाच्या डोक्यावर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, मग तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. माझे आशीर्वाद तू सरळ घेशील असं वाटेना. पत्ता भोईर सरांनी दिला. दिला, पण आधी दोनदा विचारलं, कशाला हवाय म्हणून. सख्ख्या बहिणीचा पत्ता कशाला हवा असतो, हे मला शाळेच्या ओट्यावर उभं राहून तुझ्या मास्तरांना सांगावं लागलं.

सव्वीस जूनला भावजी पहिल्या पाळीला निघाले होते, तेव्हा त्यांनी तुला मुरबाडच्या स्टँडवर बघितलं. सर तुझी पत्र्याची पेटी गाडीच्या टपावर चढवत होते आणि तू खिडकीशी बसली होतीस. पुण्याची गाडी तिथे दहा मिनिटं थांबते. आमची खोली स्टँडपासून किती आहे ते तुला माहीत आहे. तू सुट्टीत राहायला यायचीस तेव्हा स्टँडवरची भजी आणायला पळायचीस आणि घरी येईपर्यंत ती गरम असायची. भावजींनी हात केला, तू मान फिरवलीस. त्यांनी घरी येऊन मला काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी जेवता जेवता बोलून गेले.

तुझा राग मला कळतो. बाबांना मी 'नको' म्हणाले, हे तुला आईकडून कळलं असणार. पण का म्हणाले ते तू विचारलं नाहीस, म्हणून लिहिते.

फेब्रुवारीत संस्थेचं पत्र आलं तेव्हा तुझी दहावीची परीक्षासुद्धा व्हायची होती. पेपर नाही, निकाल नाही, आणि पुण्यात अकरावी सायन्सची जागा पक्की. सगळ्या राज्यातून तीस मुली, त्यांची वेगळी खास तुकडी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं संस्थेचं. दहावीला ऐंशी टक्के पडले की झालं. असलं पत्र आपल्या गावात कुणी बघितलं नव्हतं. बाबांनी फक्त संमतीच्या कागदावर सही करायची होती, पंधरा मार्चच्या आत.

तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाबा माझ्याकडे विचारायला आले. मी त्यांना एका मुलीचं सांगितलं. इकडचीच, धसईची. अशीच हुशार म्हणून पुण्याला पाठवली होती. तिथे तिला झेपलं नाही, अर्ध्या वर्षात परत आली. मग लोक नाही नाही ते बोलले, स्थळ येईना, बाप तोंड चुकवून फिरतो. बाबांनी ऐकून घेतलं, कागद परत पिशवीत घातला आणि चहा न घेता उठले. मी काळजीपोटी बोलले. मोठ्या बहिणीने दुसरं काय करायचं असतं?

पुढचं तुला माहीत आहे. बाबांनी सही केली नाही, तारीख गेली. सरांनी पुण्याला फोन करून आठ दिवस मागून घेतले आणि आईने अंगठा लावला. बाबांना न विचारता आईने आयुष्यात केलेली ही पहिली गोष्ट. अजून दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत.

शहापूरला तुझा सत्कार झाला तेव्हा मी आले होते. निकिताला कडेवर घेऊन शेवटच्या रांगेच्या मागे उभी होते. शहाऐंशी टक्के म्हटल्यावर केवढ्या टाळ्या वाजल्या. तू भाषणात आईचे आभार मानलेस, सरांचे मानलेस. मग मी निकिताला पाणी पाजायच्या निमित्ताने बाहेर आले.

तब्येतीला जप. पुण्याचं पाणी जड असतं म्हणतात.

तुझी ताई,
छाया

मुरबाड, २० ऑगस्ट २०००

अक्षदा,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ. 'ताई, धसईची ती मुलगी कोण? नाव सांग.' खाली सहीसुद्धा नाही. कार्डावर एवढी जागा मोकळी होती, निकिता कशी आहे एवढं तरी विचारायचंस.

नाव घेऊन काय करणार तू? एका मुलीच्या अब्रूची गोष्ट आहे. ती असल्या कार्डावर मागायची नसते आणि पत्रात लिहायचीही नसते. विषय सोड.

इकडे माझं नाव आता कुणी घेत नाही. गिरणीत दळण टाकायला गेले की बायका म्हणतात, पुण्याला निवड झाली ना, तिची ही बहीण. भावजींनी पेपरातलं तुझ्या फोटोचं कात्रण कारखान्यात नेऊन सगळ्या पाळ्यांना दाखवलं आणि परत आणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. रोज साडी काढायला गेले की तू. एकदा ते काढायला घेतलं, तर कोपरा फाटला. मग तसंच ठेवलं.

तुला एक सांगते, कारण आईने सांगितलं नसणार. नव्वद साली मला दहावीला चौऱ्याहत्तर टक्के होते. केंद्रात पहिली. तेव्हाचे चौऱ्याहत्तर म्हणजे आताचे शहाऐंशीच. शहापूरच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं. दोन महिने रोज किन्हवलीहून गाडीने गेले. मग आईच्या खोकल्यातून रक्त पडायला लागलं आणि तिला ठाण्याला दवाखान्यात ठेवली. तू सहा वर्षांची होतीस. बाबा म्हणाले, थोडे दिवस घरी राहा. ते थोडे दिवस अडीच वर्षं चालले. आई पुरती बरी झाली तेव्हा मला देसल्यांचं स्थळ आलेलं होतं.

त्या अडीच वर्षांत तुला आंघोळ मी घातली, शाळेत मी सोडली. तीसपर्यंत पाढे मी पाठ करून घेतले. जोडाक्षरं मी शिकवली. 'स्त्री' लिहिताना तू रडायचीस. हे सत्काराच्या भाषणात यायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही.

यायला हवं होतं.

छाया

मुरबाड, ५ नोव्हेंबर २०००

अक्षदा,

दिवाळीत चार दिवस एका घरात होतो, पण बोलणं झालं नाही. तू मोठी दिसायला लागलीस. केस कापलेस ते बरे दिसतात. आईला आवडले नाहीत, पण तिची नजर बसेल हळूहळू.

तिथे सगळं शिकवणं इंग्रजीतून असतं, असं तू बाबांना सांगत होतीस आणि छान चाललंय असंही म्हणालीस. ऐकून बरं वाटलं. सहामाहीचे गुण कळले असतील तर मला लिही. किती पडले, कुठल्या विषयात किती. मला उत्सुकता आहे.

तुझी पिशवी खुंटीवरून पडली होती, ती मी उचलून ठेवली होती. काही राहिलं असेल तर सांग.

छाया

मुरबाड, १६ जानेवारी २००१

अक्षदा,

हे पत्र भावजी तुझ्या हातात देतील. काल मी घरी आले होते तेव्हा तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. तू वाचलंस की बाबांना आणि आईला समोर बसवून मोठ्याने वाच. काही गाळू नकोस.

आधी दिवाळीचं. पिशवी पडली नव्हती, मी काढली होती. तू चिमा मावशीकडे फराळ द्यायला गेली होतीस. वहीत तुझ्या सहामाहीच्या गुणांची चिठ्ठी होती. गणित अठ्ठावीस, भौतिक एकतीस, रसायन चाळीस. खाली लिहिलं होतं की दुसऱ्या सत्रात साठ टक्के आले नाहीत तर शिष्यवृत्ती बंद. आणि बाहेर ओटीवर तू बाबांना सांगत होतीस की छान चाललंय. मी चिठ्ठी होती तशी ठेवली आणि नंतर पत्रात साळसूदपणे गुण विचारले. तू खोटं लिहितेस का, ते मला बघायचं होतं. तू उत्तरच दिलं नाहीस.

शुक्रवारी शेजारच्या वाण्याच्या दुकानात भोईर सरांचा फोन आला. तू वसतिगृहात कुणाला न सांगता घरी आलीस, चार दिवस झाले, परत जात नाही म्हणतेस, असं त्यांनी सांगितलं. मी तुला समजवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. बघते म्हणून मी फोन ठेवला. घरी आले आणि शिरा केला. तूप नेहमीपेक्षा जास्त घातलं. भावजींनी विचारलं, आज कशाचा शिरा? म्हटलं, सहज. मी दोनदा वाढून घेतला. खाताना मला चांगलं कळत होतं की मी हा कशाचा शिरा खाते आहे, तरी खाल्ला. गोड लागला. हे बाबांसमोर वाचताना तुला जड जाईल. मलाही लिहायला जड गेलं, पण गाळू नकोस म्हटलंय तर मीही गाळत नाही.

तीन दिवस मी चेहरा तयार करत होते आणि काल तो घेऊन आले. अंगणात बाबा म्हणाले, "तू बोललीच होतीस छाये. आमी ऐकाया पायजे होतं." आईने मान खाली घातली. तो सगळा दोष आईच्या अंगठ्यावर आला होता आणि ती नाचणीचं पीठ चाळत होती.

तू आत भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी शेजारी बसले. तू न वळता बोललीस, "ताई, त्या धसईच्या मुलीचं नाव तू देत नव्हतीस. आता देऊ पण नको. ती मीच गो."

चहा ठेवते म्हणून उठले ती साडेचारच्या गाडीने निघून आले. तुम्ही तिघांनी काय समजायचं ते समजला असाल.

अक्षदा, धसईची मुलगी नव्हती. कुणीच नव्हती. बाबा खाटेवर बसले होते, मी स्टोव्हला पंप मारत होते, तेवढ्यात मी ती तयार केली. धसई का, तर बाबांचं तिकडे कुणी ओळखीचं नाही म्हणून. स्थळ येईना, बाप तोंड चुकवून फिरतो, हे एकेक सुचत गेलं. बाबांचा चेहरा उतरायला लागला तशी मी वाढवत गेले.

का केलं, तेही सांगते. बाबा त्या दिवशी कागद पुढे करून म्हणाले, "छाये, तू शिकलेली. तू काय बोलतंस ते आमी करू." दहा वर्षांत त्यांनी मला शिकलेली म्हणून पहिल्यांदा काही विचारलं, आणि विचारलं ते काय, तर तुला शिकायला पाठवायचं का. माझ्यासाठी कुणी कधी कुणाला जाऊन विचारलं नव्हतं, छायाला पाठवायची का म्हणून. माझ्या पोटात असं काही पेटलं की तुझं भलं-बुरं काही दिसेना. तू जाऊ नयेस, एवढंच दिसत होतं. काळजी वगैरे मी पत्रात लिहिली ती नंतर शोधून काढलेली आहे.

आता तू परत आलीस ती तुला झेपलं नाही म्हणून आलीस, की मी सांगितलेली गोष्ट डोक्यात घेऊन गेलीस म्हणून आलीस, मला माहीत नाही. पहिल्या नापास चिठ्ठीला तुला माझीच धसईची मुलगी आठवली असणार.

बाबा, आईने केलं ते बरोबर होतं. चूक माझी आहे.

गुरुवारी सकाळी सातची पुणे गाडी मुरबाडला लागते. मी स्टँडवर उभी असेन. तू आलीस तर तुझ्याबरोबर येते. नाही आलीस तर एकटी जाऊन तुझ्या बाईंना भेटते आणि हेच सगळं त्यांना सांगते. मला पुण्यातलं काही कळत नाही, पण पत्ता पाठ आहे.

छाया

मुरबाड, ४ फेब्रुवारी २००१

अक्षदा,

तू सुखरूप आहेस आणि तास सुरू झाले, हे सरांकडून कळलं. मला तू लिहिलं नाहीस, ते ठीक आहे.

गाडीत आळेफाट्यापर्यंत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी मुरबाडपासून नुसती तुझ्या मांडीवरची पिशवी बघत होते. आळेफाट्याला तू उतरलीस, तेव्हा वाटलं, आता ही दुसऱ्या गाडीने मागे जाणार. तू चहा घेऊन आलीस. एकच कप आणलास आणि अर्धा पिऊन माझ्यापुढे धरलास. त्याचा अर्थ मी अजून लावलेला नाही.

ऑफिसात तुला बाहेर बसवलं होतं, तेव्हा आत काय झालं ते तू विचारलं नाहीस. सांगते. तुमच्या तुकडीच्या करंदीकर बाईंनी आधी नियम दाखवला. न सांगता आठ दिवसांच्या वर गैरहजर राहिलं की जागा जाते आणि ती प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीला मिळते. ती मुलगी जतची होती. तिच्या वडिलांचं पत्रसुद्धा आलेलं होतं. मला क्षणभर त्या जतच्या मुलीचंच खरं वाटलं. तिच्या जागी मी असते तर रोज देवापुढे दिवा लावून तुझ्यासारखी कुणीतरी पळून जावी म्हणून प्रार्थना केली असती.

मग मी बाईंना सगळं सांगितलं. धसईची मुलगी, शिरा, सगळं. बाई चष्मा काढून ऐकत होत्या. शेवटी विचारलं, तुमचं शिक्षण किती? मी म्हटलं, दहावी, चौऱ्याहत्तर टक्के, केंद्रात पहिली. कशाला सांगितले टक्के, कुणास ठाऊक. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मराठी शाळेतून आलेल्या तीस मुलींपैकी अकरा पहिल्या सहामाहीला नापास आहेत. दरवर्षी असतात. इंग्रजी कळायला वर्ष जातं. त्यातली परत गेलेली तुमची एकटीच." मग एप्रिलपर्यंत मुदत देते म्हणाल्या. साठ टक्के हवेतच, त्यात सूट नाही.

त्या तुला आत बोलावून बोलत होत्या तेव्हा शिपायाने मला वाचनालयात बसवलं. लांब टेबल, प्रत्येक खुर्चीसमोर दिवा. भिंतीभर पुस्तकं. तुझ्याएवढ्या मुली माना खाली घालून लिहीत होत्या आणि मी आत आले तरी एकीनेही वर बघितलं नाही. मी खुर्चीवर बसले, टेबलावर हात ठेवले. माझं लग्न झालंय, मला मुलगी आहे, चार वाजता परतीची गाडी आहे, हे सगळं माहीत असून मला उठावंसं वाटेना. तू दारात आलीस, 'झालं' म्हणालीस, तेव्हा तुझा परत तेवढाच राग आला. हिला हे मिळालं होतं आणि ही टाकून आली होती. मी तुला पोचवायला आले होते गो, पण मनाने सुधारून आले होते असं समजू नकोस.

काल बाबा इकडे आले होते. वालाच्या शेंगा आणल्या होत्या. पत्र ऐकल्यापासून पंधरा-सतरा दिवस त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं, असं आई म्हणाली होती. आले, बसले, निकिताशी खेळले. मी वाट बघत होते, कधी बोलतील. जायला उठले तेव्हा चपला घालता घालता म्हणाले, "खोटं बोललीस त्याचं एवढं नाय. तुझं कालेज मी सुटवलं, तवा तू रडली पण नायस. मला वाटलं, तुला नकोच हाय."

मी दाराला धरून उभी राहिले. त्या वेळी आई दवाखान्यात होती, तू तापाने फणफणलेली होतीस. रडायला कधी वेळ काढायचा होता? पण त्यांनी खरंच तसं समजून अकरा वर्षं काढली. बाबा गेल्यावर मात्र रडले. निकिता घाबरून शेजारी पळाली.

अभ्यास कर. आणि आई-बाबा आता बोलतात. काल आईने त्यांना बरोबर भाकरी बांधून दिली होती.

छाया

मुरबाड, २८ ऑगस्ट २००१

अक्षदा,

सदुसष्ट टक्क्यांचं कार्ड मे महिन्यातच मिळालं होतं. शिष्यवृत्ती राहिली, चांगलं झालं. तेव्हा लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहावंसं वाटत होतं ते नीट बसत नव्हतं. आनंद झाला, हे खरं. आणि सदुसष्ट वाचल्यावर मनात पहिल्यांदा काय आलं, तर माझे चौऱ्याहत्तर होते. अकरावीची आणि दहावीची तुलना होत नाही, हे मला कळतं. मन ऐकत नाही.

भावजींनी कॉलेजातून सतरा नंबरचा फॉर्म आणला. त्यांना वाटलं, मी बोलता बोलता म्हणाले होते, विसरले असेन. घरी बसून बारावी देता येते. कला शाखा घेतली. फॉर्म द्यायला गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसाने विचारलं, मुलीचा आहे का? म्हटलं, माझा. त्याने दहावीचं साल बघितलं आणि आत जाऊन कुणाला तरी दाखवून आला.

तू इंग्रजीच्या टिपा पाठवते म्हणतेस. पाठव. पण 'ताई, हे सोपं आहे' असं कुठेही लिहू नकोस.

छाया

मुरबाड, १० डिसेंबर २००१

अक्षदा,

टिपा मिळून महिना झाला. आठ दिवस मी त्या उघडल्या नाहीत. मग उघडल्या तर पहिल्याच पानावर तू समासात लिहिलेलं, 'हे मला स्वतःला सहा महिने कळलं नव्हतं.' त्यानंतर वाचायला घेतलं.

मी पाठवलेला निबंध तपासून पाठवलास त्यात लाल शाई वापरलीस. मी तुला शिकवताना कधी लाल शाई वापरली नव्हती. आपल्या घरात ती नव्हतीच, पण तरी. पुढच्या वेळी निळी वापर.

दुपारी निकिता झोपली की वाचते. शेजारची छबी वहिनी येऊन बसते, म्हणते, आता या वयात नोकरी करणार का? मला तिला काय सांगावं कळत नाही. नोकरीचं अजून डोक्यात नाही. मला फक्त सुटलेलं ते पुरं करायचंय. आणि तुझ्या पुढे नाही, तरी तुझ्या मागोमाग असावं, फार मागे नको.

परीक्षा तुझी नि माझी एकाच दिवशी सुरू होते, वेळापत्रक बघितलंस का? पहिला पेपर इंग्रजी, दोघींचा एकच.

छाया

मुरबाड, ११ जून २००२

अक्षदा,

काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून नीट बोलले नाही. चौऱ्याऐंशी म्हणालीस आणि मी 'बरं' म्हटलं. तू वाट बघत होतीस, मी पुढे काही बोलेन म्हणून, ते मला कळलं. फोन ठेवल्यावर पायऱ्या उतरताना माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला सांगू? तू इंजिनियरिंगला जाणार, संस्था आणखी चार वर्षं देणार, हे भावजींनी रात्री दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी भांड्यांचा आवाज जास्त केला.

पण शिरा वगैरे काही केला नाही. तू पडलीस तेव्हा खाल्लेला तो शिरा आठवला की अजून घास उतरत नाही.

चार वाजता मी कॉलेजात गेले. सतरा नंबरवाल्यांचा निकाल वेगळ्या खिडकीत होता. रांगेत सगळी पोरं अठरा-एकोणीसची, मी मध्ये साडी नेसून. माझ्या पुढच्या मुलीने मला वाट करून दिली, तिला वाटलं मी कुणाची तरी आई आहे. मी तिला म्हटलं, तू जा, माझा नंबर आहे.

एकोणसाठ टक्के. एक टक्का अजून असता तर प्रथम वर्ग होता. कागद हातात घेऊन मी तिथेच कट्ट्यावर बसले. नव्वद सालापासून माझ्याजवळ एकच गुणपत्रिका होती, ती दहावीची. आता दोन झाल्या. भावजी पाळीवरून थेट तिकडे आले, हातात पेढ्यांचा पुडा. मी विचारलं, हे अक्षीचे का माझे? ते म्हणाले, दुकानदाराला दोन नावं सांगितली, त्याने एकच पुडा बांधला.

संध्याकाळी सरांनी घरी निरोप नेला. बाबा आज सकाळी पहिल्या गाडीने आले. आईला बरोबर घेऊन आले होते. आईने माझी गुणपत्रिका उलटी धरून बघितली, मग निकिताने सरळ करून दिली. बाबांनी विचारलं, पुढे काय? मी म्हटलं, बी. ए. करते, मुक्त विद्यापीठात. ते म्हणाले, "पाठवायची का म्हणून मी कोणाला इचाराया जाणार नाय आता." आणि माझ्याकडे बघायचं टाळून चहा प्यायले. मी या वेळी त्यांच्यासमोरच रडले, म्हणजे त्यांचा पुन्हा गैरसमज नको.

तू मला माफ केलंस का, ते मी विचारत नाही. तू सांगितलंही नाहीस. चार पानांच्या टिपा पाठवल्यास आणि शाई निळी वापरलीस, त्यावर मी भागवलं. तू इंजिनियर झालीस की माझ्या पोटात परत दुखेल. पहिला पगार झाला की दुखेल. आता मी ते लपवणार नाही आणि त्याच्यापायी तुझ्या वाटेत कुणाला उभंही करणार नाही. दुखलं तर तुलाच पत्राने कळवेन.

येत्या रविवारी घरी ये. या वेळी मुरबाडला उतर, आपण दोघी पुढच्या गाडीने किन्हवलीला जाऊ. गुणपत्रिका बरोबर आण. तुझं गणित, भौतिक, रसायन मला बघायचं नाही, त्यात मी कधी नव्हतेच. पण मराठी दोघींना होतं, आणि मला एकाहत्तर आहेत.

तुला किती?

तुझी ताई,
छाया